चार मिनिटं

आदम हमदुले गेला,
दाभोळहून त्याच्या जावयाने कळवलं.
मंगळवारी. झोपेत. ऐंशीला दोन कमी.

शुक्रवारी आम्ही पाच जण,
मुलांच्या व्हिसावर उरलेले,
मुहर्रकच्या इराण्याकडे चहाला जमलो
आणि पहिल्याच घोटाला भांडण:
आदम डावखुरा की उजवा?
बेनेडिक्ट म्हणाला, डावा. माझ्या नाकाला विचार.
नाक अजून वाकडं आहे, त्यामुळे कुणी बोललं नाही.
मग भंडारकर म्हणाला,
अरे, त्याला एकच पाय होता,
चेंडू असेल तिकडचा.

गावाचं नाव हिद्द. आम्ही म्हणायचो हद्द.
पुढे समुद्र, मागे गोदी, मध्ये खारी जमीन,
पापडासारखी पायाखाली मोडणारी.
चुना कुठून आणणार? आदम गवंडी.
गुरुवारी रात्री साइटवरचं फाटकं पोतं खांद्यावर टाकून
तो सिमेंटने रेघा ओढायचा,
कमरेत वाकून, उलटा चालत,
ओळंबा डोळ्यातच असल्यासारखा.
पहाटेपर्यंत दव पडायचं, तिकडचं जाड, चिकट दव,
आणि सकाळी रेघांचा दगड झालेला असायचा.
पेनल्टीच्या चौकटीला ठेच लागून
कोरियन कंपनीचा सेंटर फॉरवर्ड दोनदा पडला.
दोन्ही वेळा आदमनेच उठवला,
आपल्या रेघेच्या वतीने माफी मागत.

संघाचं नाव गोदी इलेव्हन. बहुतेक वेळा दहाच.
अकरावा रात्रपाळी करून झोपलेला.
पण मेसच्या बादल्या बडवायला सत्तर माणसं,
रिकाम्या ड्रमांवर उभी, घसा फाडत.
पहिलं वर्षभर आम्ही एकदाही जिंकलो नाही.
नऊ-एक. सात-शून्य. सहा-शून्य, त्यातले दोन आमचेच आमच्यावर.
तरी शनिवारी कामावर निघताना
माणसं आदमची एखादी हुलकावणी
कॅम्पच्या जिन्यात करून दाखवायची
आणि डबे सांडायचे.

आता सांगतो. त्या चहावरही सांगितलं नाही.
मी टाइमकीपर. हजेरीचं घड्याळ माझ्याकडे,
म्हणून सामन्याचंही.
कोरियनांशी दोन-दोन बरोबरी,
सूर्य क्रेनच्या मागे गेलेला.
वेळ संपली तेव्हा चेंडू आदमकडे नव्हताच.
तो कमरेवर हात ठेवून दम खात होता.
मी शिट्टी ओठांत धरली. फुंकली नाही.
एक मिनिट. दोन.
मनगटावरचं घड्याळ कानात ठणकत होतं.
आयुष्यात कुणाचा अर्धा तास सोडला नव्हता मी,
उशिरा आलेल्याचा पगार कापताना हात थरथरला नव्हता.
चौथ्या मिनिटाला तो निघाला,
अनवाणी, कोपऱ्यातून, खाऱ्या पापडावर पाय करकरत,
एक मागे, दुसरा मागे,
आणि मारला.
कुठल्या पायाने?
देवाशपथ, मी घड्याळ बघत होतो.

बादल्या फुटल्या त्या दिवशी. खरोखर, तीन.
रात्री मेसच्या रांगेत ताट पुढे करून
तो हळूच बोलला,
"आज ओव्हरटाइम लावलास, रेडीज.
हजेरीत मांडू नको."
बस, एवढंच. पुन्हा कधी विषय नाही.

आता तिथे शीतगृहं आहेत, कुंपण, कुत्रा.
गोदी इलेव्हनची नवी पोरं
खोट्या गवतावर दिव्याखाली खेळतात,
पाठीवर मनी एक्स्चेंजचं नाव.
आम्ही एक मिनिट मागितलं.
पोरं गुणी, लगेच उभी राहिली.
एकाने विचारलं, अंकल, कोण होते?
बेनेडिक्टने मोठा श्वास घेतला
आणि म्हणाला, गवंडी.

कप्तान मला म्हणाला,
मिनिट झालं की सांगा.
काटा फिरून जागेवर आला.
पोरं माना खाली घालून उभी.
कुणाच्या तरी बुटाने चुळबुळ केली,
समुद्राकडून वारा आला, गेला.
मी अजून काही बोललो नव्हतो.