आत काही नाही

ओकलंडमधली सकाळ आधी माझ्या फोनवर होते.
सहा वाजून दहा मिनिटांनी पहिली बाई रडते,
साडेसहाला पहिला बाप्या शिव्या देतो,
आणि मी, हाबतोम, व्हॅनमध्ये काचा भरून निघतो:
टोयोटाच्या डाव्या, होंडाच्या मागच्या,
आणि त्या चिमुकल्या तिकोनी,
ज्या आधी फुटतात
आणि महाग पडतात.

गाडीची काच सुऱ्यासारखी फुटत नाही.
खडीसाखरेसारखी सांडते, जराशी हिरवट,
सीटच्या फटीत, बाळाच्या खुर्चीत, बटणांच्या खाचेत.
मी व्हॅक्यूम फिरवतो, तरी एक खडा राहतोच.
मार्चमध्ये फुटलेली काच
ऑगस्टमध्ये तळव्याला सापडते.

लोक विचारतात, काय करू?
मी सांगतो. सांगायचे पैसे घेत नाही.
चार्जरची वायर लोंबती ठेवू नका,
वायर दिसली की फोनही असेल, असं वाटतं.
डिकीत ठेवायचं ते घरून निघतानाच ठेवा,
पोचल्यावर नको; बघणारा तिथेच उभा असतो.
गॅरेजचा रिमोट गाडीत नको,
गाडीच्या कागदांवर घराचा पत्ता असतो.
गावाला जाताना दिवा लावून जाता, ठीक,
पण रोज तोच दिवा, रोज सातला?
चोर सोडा, पोस्टमनही ओळखतो तो खोटा दिवा.
शेजारणीला सांगा, कचऱ्याचा डबा आत घे म्हणून.
एवढं सांगून मी गप्प होतो.
कारण माझ्याच व्हॅनची काच दोनदा गेली आहे,
आतल्या काचांसाठी.

हसा. दुसऱ्या वेळी मीही हसलो होतो.
पळत्या चोराची लंगोटी म्हणून
एक हातमोजा मिळाला, डाव्या हाताचा,
अंगठ्याला ठिगळ लावलेला, बारीक टाक्यांनी.
कुणीतरी मायेनं शिवला होता तो.
मला तो टाकवेना.

लॉरेन पेटवे, वय अठ्ठ्याहत्तर,
जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं.
दोन वर्षांत चार काचा मी बदलल्या तिच्या.
पाचव्या वेळी फोन न करता
तिनं पुठ्ठ्यावर लिहिलं, फळ्यावरच्या अक्षरात:
आत काही नाही.
दार उघडं आहे.
कृपया काच फोडू नये.

पहिल्या आठवड्यात कुणी कप्पा उचकला,
जुन्या पावत्या सीटवर पसरून गेलं.
दुसऱ्या आठवड्यात कुणी आलंच नाही.
तिसऱ्या आठवड्यात, जानेवारीतल्या एका पहाटे,
तिचा फोन आला, अगदी हळू आवाजात:
हाबतोम, आत कुणीतरी आहे.

मागच्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन,
बूट काढून ठेवलेले. बाहेर.
जोडीनं.

मी म्हटलं, पोलिसांना कळवा. नाहीतर
उद्यापासून लॉक करा.
ती म्हणाली, मग तो काच फोडेल
आणि तू माझ्याकडून दोनशे ऐंशी डॉलर घेशील.
मी तिला वीस कमी करतो, नेहमी.
पण ते तेव्हा बोललो नाही.

आठ वाजता मी पोचलो तर गाडी रिकामी.
सीट पुसलेली. पावत्या
तारखेप्रमाणे लावून कप्प्यात परत.
लॉरेनबाई खिडकीशी बराच वेळ उभी होती,
मग मार्कर घेऊन बाहेर आली
आणि पुठ्ठ्यावरची पहिली ओळ खोडली.
बाकीच्या दोन तशाच ठेवल्या.

मी नवं काही शिकलो असं नाही.
घरी माझ्या दाराला तीन कुलपं, एक साखळी,
आणि भाच्यानं बसवलेला कॅमेरा,
ज्यात रात्रभर एक रॅकून दिसतो.
तरी झोपण्याआधी मी उठतो, कडी ओढून बघतो.
मी लावली म्हणतो,
माझ्या हाताला ते खरं वाटत नाही.

काल म्हटलं, आपल्याही व्हॅनला पाटी लावू.
पण लिहायचं काय?
आत काचा आहेत.
काच हवी असेल तर
काच फोडू नका?

लेतेब्रहान कुशीवर वळत म्हणाली,
झोप आता.