अकरा मिलिमीटर

कांजूरच्या गावठाणात, आमच्या अंगणात,
चार विटांच्या खांबांवर
जीपचा सांगाडा ठेवलाय.
बॉडी भिंतीला टेकून उभी, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.
इंजिन मनवेल काकांच्या पडवीत, गोणपाटाखाली,
तिथे गेल्या आठवड्यात मांजर व्याली.
म्हणून इंजिनाचं काम तूर्त बंद.

आबा मिठागर खात्यात ड्रायव्हर.
वीस वर्षं जी गाडी त्यांनी हाकली
तीच लिलावात घेतली, फंडाच्या पैशातून.
मीठ फुकट आलं सोबत.
चॅसिसच्या पोकळ दांडीत हातोडीचं टोक मारलं
की आतून भुगा गळतो, तांबडा, ओलसर.
मी चिमूटभर जिभेवर ठेवला.
खारटच.
रियासत म्हणाला, साहेब, धनुर्वात होईल.

रियासत कुर्ल्याहून येतो, दर रविवारी,
वेल्डिंगचं मशीन रिक्षात मांडीवर घेऊन.
पत्र्याला बोटाने टिचकी मारतो, कान लावतो,
आणि खडूने फुली करतो.
फुल्या इतक्या झाल्या की
शेवटी त्याने चांगल्या जागांवरच गोल काढले.
एक गोल ठोकलेल्या नंबरावर:
बाकी सगळं बदला, याला हात नका लावू,
हा गेला तर आरटीओच्या लेखी
तुमची गाडी जन्मलीच नाही.

मग कर्ण मोजायचे. दोरा, दोन खिळे, टेप.
पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत,
मग उलट.
अकरा मिलिमीटरचा फरक.
पुन्हा मोजलं. अकराच.
ही कधीतरी पडलीय, रियासत म्हणाला, जोरात पडलीय.
शक्यच नाही, मी म्हणालो.
आबांच्या नोंदवहीत टायर, ऑईल, पट्टा,
एका बल्बचीसुद्धा तारीख आहे. पडल्याची नाही.

आई ओट्यावर वाल सोलत होती.
मान वर न करता म्हणाली,
"उलटली व्हती. मी व्हते ना आत."

हातातला टेप सुटून सर्रकन आत गेला.

"सिनेमाला चाललो व्हतो, नऊच्या खेळाला.
सरकारी गाडी. सांगणार कुणाला?
बांधावरून गेली ती थेट कोंडीत.
मिठागराच्या आठ गड्यांनी उचलली रातोरात.
तुझ्या बापाने त्यांना महिनाभर ताडी पाजली."
आणि तू? "मी खारी झाले डोक्यापासून.
केस आठ दिवस धुत व्हते."
सिनेमा कुठला, ते तिला आठवेना.

रियासतने साखळी आणली,
एक टोक दांडीला, एक फणसाच्या बुंध्याला,
मधे बॉटल जॅक, वर निळी ज्योत.
लोखंड कण्हलं. फणसाची चार पानं पडली.
अकराचे सात झाले. साताचे तीन.
अजून ओढू? त्याने विचारलं.
मी आईकडे बघितलं, ती वालाकडे.
राहू दे तीन, मी म्हणालो,
कंपनीसुद्धा एवढी सूट देत असेल.
देत नाही, रियासत म्हणाला. पण साखळी सोडली.

संध्याकाळी रेड ऑक्साइडचा पहिला हात वाळत असताना
आई प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली.
रियासतचा हात धरून गुडघाभर उंचीची दांडी ओलांडली,
खुर्ची सांगाड्यात, डाव्या अंगाला सरकवून ठेवली,
बसून बघितली.
"हितं," ती म्हणाली.
लुगड्याला तांबडा रंग लागला होता, तिने तो पुसला नाही.
उजवीकडे वीतभर जागा उरली होती.
पदर तेवढा तिने त्या बाजूने आवरून घेतला.