टिंब

लायडनच्या कालव्याकाठी, तिसऱ्या मजल्यावर
मी वर्षांच्या रेघा ओढते.
मोठ्यांची रेघ चढते आहे:
साठीतला दाता आता चालतो,
थांबून गेलेलं हृदयही पेटीत पुन्हा धडधडतं,
मोटारीतून चारशे किलोमीटर.

लहानांची रेघ
टेबलाच्या कडेसारखी, दहा वर्षं.
त्या पेटीत त्यांची हृदयं बसत नाहीत.
त्यांना अजून बर्फच.

ख्रोनिंगनची येल्त्ये, वय चार.
पंपासकट चालते, मागून नर्स नळ्या सांभाळत.
प्रतीक्षा: दिवस ४१२.
दर महिन्याला मी तिच्या वजनाचा आकडा बदलते.
हृदय ज्याच्या त्याच्या मुठीएवढं;
जीव मुठीत धरणं
इथे ग्रॅममध्ये लिहायचं असतं.
आणि तिची मूठ वाढते आहे.

तिच्या आईने एकदा फोन केला.
"यादीचं नाही विचारत," म्हणाली,
"मागू काय, तेच कळत नाही.
लेकीसाठी हात जोडले
की दुसऱ्या कुणाची तरी सायकल घसरते."
मी रिसीव्हर कानाला धरून बसले.
खालून वाळूची एक बोट गेली,
बराच वेळ जात राहिली.

मंगळवारी पहाटे रकाना बंद झाला.
दाता: वय पाच.
पुढे आम्हाला काही कळवत नाहीत.
रेघ एका टिंबाने हलली,
छापल्यावर दिसणारही नाही.

संध्याकाळी पुलाच्या चढावर
मी सायकलवरून उतरले,
आणि घरापर्यंत
ती हातात धरून चालत नेली.