दिवा किती हलला

शुक्रवारी एलिसेओने लिहिलं, "बरं."
बरं, आणि पुढे पूर्णविराम.
एरवी तो पूर्णविराम देत नाही,
स्वल्पविरामाचीसुद्धा त्याला चिक्कूगिरी.
औषधांच्या दुकानात दिवसभर मी
खोकल्याच्या बाटल्या मोजत होते
आणि त्या टिंबाकडे बघत होते.
संध्याकाळपर्यंत टिंबाला दार फुटलं,
दाराआड जिना, जिन्यावर कुणी बाई.
तिला मी केसांचा रंगसुद्धा दिला,
आमच्याच फळीवरचा, सात नंबर, तांबूस.

रात्री अकरा परिच्छेद लिहिले.
पाठवले नाहीत.
खोडलेही नाहीत.

रविवारी त्याच्या आईकडे जेवण.
कोकिम्बोच्या टेकडीवरचं निळं पत्र्याचं घर,
खाली बंदर, बंदरात एक गंजकी क्रेन.
मातीच्या वाडग्यात मक्याचा जाड थर,
खाली खिमा, आणि कुठेतरी
बीसकट एक ऑलिव्ह, दाताची वाट बघत.
मी गप्प होते, दिसेल इतकी गप्प.
तो पाव मोडत होता.

आधी कुत्रा उठला.
मग काचा वाजल्या,
मग कुणी जाजम झटकावं तशी जमीन.

टेबलाशी सात जण. कुणी उठलं नाही.
दोन्या एदुविहिसने एक बोट वर केलं,
दुसऱ्या हाताने वाइनची बाटली धरली
आणि टेबलावर लटकणाऱ्या दिव्याकडे पाहिलं.
सगळ्यांनीच पाहिलं.
दिवा हलला, मग जरा कमी हलला,
मग नुसताच असल्यासारखा.
"पाच-दोन," ती म्हणाली.
"चार-नऊ," काका नोल्बेर्तो, तोंडात घास.
एका बिअरची पैज लागली.

एलिसेओचा हात मात्र
मागच्या कपाटावर, बशांच्या चळतीवर होता.
माझ्यावर नाही. बशांवर.
झालं, मनात बारावा परिच्छेद सुरू.
साप साप म्हणत मी भुई धोपटत राहिले,
भुई आपली आपण हलून
केव्हाच थांबली होती.

बशा पडल्या असत्या, हे खरंच.
मी काही पडणार नव्हते.

"उभं राहता येतंय तोवर जेवायचं,"
दोन्या एदुविहिस मला वाढता वाढता म्हणाली,
बहुतेक भूकंपाबद्दल.
"उभं राहता येईना की ताटं टाकून टेकडी चढायची.
मधल्यामध्ये पळणारे
जिन्यावर पाय मोडून घेतात."
दाराशी तिची पिशवी भरलेली असते:
टॉर्च, पाणी, बूट, नवऱ्याचा फोटो.
बाई बेफिकीर नाही.

मला रेनान आठवला.
त्याच्या घरात खरंच उभं राहता येत नव्हतं.
पहाटे चारला बूट हातात घेऊन मी चढ चढले,
तेव्हा कुठला भोंगा वाजला नव्हता.
ते पाय अजून शहाणे झाले नाहीत,
गल्लीतून ट्रक गेला तरी चपला शोधतात.
दुधाने पोळलेली ताक फुंकून पिते, समजू शकतं.
शुक्रवारी मी
रिकामा पेला फुंकत बसले होते.

भांडी घासताना विचारलं,
"ते टिंब कसलं होतं?"
"कुठलं टिंब?"
साबणाच्या बोटांनी त्याने फोन काढला,
बराच वेळ बघितलं.
"माहीत नाही. बोट लागलं असेल."

खरं असेल. नसेलही.
मी वर पाहिलं,
दिवा सरळ लटकत होता, एका माशीसकट.

रेडिओ म्हणाला, पाच-एक.
बिअर कुणाची, यावर ते दोघं अजून भांडतायत.

घरी येऊन दहा परिच्छेद पुसले.
नववा ठेवला:
माझ्या मैत्रिणींसमोर तू माझं वाक्य पुरं करतोस,
ते मला आवडत नाही.
एवढा एक हलला होता खरा.
उद्या सांगणार आहे,
बसून,
जेवण झाल्यावर.