बैठक

बसर्गे मास्तरांनी गडहिंग्लजहून टेम्पोत घालून
अँबॅसिडरचं इंजिन आणलं उद्यमनगरात.
धूर सोडती, म्हणाले, निळा,
चढ लागला की उभी राहती.
"तुमच्या वडिलांनीच केलं होतं मागं,
म्हणून तुमच्याकडंच."

हेड उतरवलं.
वरच्या कडेशी नख फिरवलं, अडकलं.
तिथवर रिंगा पोचत नाहीत,
ती कड अजून बोअर केल्या दिवसाएवढी कोरी.
तिच्याखाली भिंत खाल्लेली, एका अंगानं जास्त,
गोल होतं ते अंड्यागत झालेलं.
साडेतीन इंचांत वर-खाली करत
पिस्टन कुठंच गेले नाहीत,
गाडी तेवढी तिरुपतीला दोनदा जाऊन आली.

अवधूत रॉकेलनं ब्लॉक घासत होता.
"मालक, हितं कायतरी ठोकलंय."
पंचाचे ठिपके:
ह. शि. चाळीस. सत्त्याऐंशी.

हुसेन शिकलगार. माझे अब्बा.
त्यांच्या बोअरला गेज लावायचं नसतं,
असं अजून म्हणतात चहाच्या गाड्यावर.

मी गेज लावला.
एक, दोन, चार. झीज सोडली तर बरोबर.
तिसऱ्यात काटा थरथरला.
पुसून पुन्हा सोडला.
वरची कोरी कड आणि बुडाची कोरी कड
एका ओळंब्यात नाहीत.
चार थाऊ.
इंचाचे हजार भाग केले तर त्यातले चार,
डोक्यावरच्या केसाएवढं काहीतरी.

ही झीज नव्हे.
झिजवायला तिथं कुणी जातच नाही.
हा हात.

बोरिंग बारच्या बुडाखाली कीस राहिला असणार,
बिडाचा, तिळाएवढासुद्धा नसेल.
बार कलला, बोअर कलला,
आणि त्यांना कळलं असणार गाडी गेल्यावर,
कदाचित रात्री, जेवताना.
कारण मला आठवतंय ते सगळं त्याच्या नंतरचं:
"बैठक पुसलीस?"
पुसली अब्बा.
"कशानं?"
फडक्यानं.
"हातानं पूस. फडकं खोटं बोलतंय."
एकदा थोबाडीत खाल्ली यापायी, गिऱ्हाइकासमोर.
मला वीस वर्षं वाटत राहिलं
की त्यांचा माझ्यावर विश्वास नाही.

मास्तरांना म्हटलं, साठवर न्यावं लागेल.
हे शेवटचं माप.
पुढं कापायला भिंत उरत नाही,
पुढं नुसती स्लीव्ह.
तिसऱ्याचं काही बोललो नाही.

आमचा आजा विळ्या-कात्र्यांना धार लावत हिंडायचा.
घालवल्याशिवाय काही नीट होत नाही,
हे आमच्या घरातलंच.
गेलेलं बीड परत चिकटवता येत नाही कुणाला.
आणखी काढायचं, गोल होईपर्यंत,
मग पिस्टन मोठा घालायचा.

बैठक हातानं पुसली.
मग दुसऱ्या हातानं.

बिडाला तेल लागत नाही, बार कोरडाच फिरतो.
खालच्या वर्तमानपत्रावर करडा भुगा साठत गेला,
त्यात तिरुपतीचे घाट होते
आणि अब्बांचे चार थाऊ,
आता कुठल्याही गेजनं वेगळे न निघणारे.

होनिंग झाल्यावर मास्तरांनी आत बोट फिरवलं.
"ह्ये ओरखडं कशाला? आरशागत करा की."
म्हटलं, आरशावर तेल ठरत नाही मास्तर.

अवधूतनं पंच आणून दिला.
"चाळीसवर काट मारू?"
राहू दे. शेजारी साठ ठोक.

कीस शनिवारी शिरोलीच्या फौंड्रीला गेला,
बाकी भंगाराबरोबर, किलोवर.

इंजिन चढवून गाडी सुरू केली.
मास्तर बॉनेटला कान लावून उभे राहिले बराच वेळ.
म्हटलं, पहिले हजार किलोमीटर
चाळीस-पन्नासच्या वर न्यायची नाही,
आंबोलीचा चढ तर नकोच.
रिंगांची आणि भिंतीची ओळख व्हायला पाहिजे.

"हजार?" ते हसले. "माझं वय बघ लेका."

सावकाश जावा, म्हटलं.