हातमोज्यातली हवा

बाबांचं काम ऐकण्याचं.
कोसाईच्या इंजिन कारखान्यात, चौथ्या ओळीच्या टोकाला,
हातभर पोलादी कांब, तिच्या एका टोकाला पितळेची वाटी.
वाटी कानाला,
दुसरं टोक इंजिनाच्या कुशीला.
अकरा सेकंद.
मग खडूनं दोन शब्द : जाऊ द्या.
क्वचित एकच : थांबवा.
एकतीस वर्षं.

घरी फारसं बोलत नसत.
जेवताना मध्येच चॉपस्टिक्स थांबायच्या,
शेजारच्या होरिगुचींचा फ्रिज महिन्याभरात जाईल, म्हणायचे,
आणि जायचा.
आईनं त्यांच्यापासून कधी काही लपवलं नाही.
जिना करकरायचा.

मी त्याच कंपनीत, पण डोंगरापलीकडच्या काचेच्या इमारतीत.
आमच्या नव्या गाड्या मुक्या,
म्हणून कायदा सांगतो, त्यांना आवाज द्या,
पांढरी काठी घेतलेल्या माणसाला, दप्तरवाल्या पोरांना
कळू दे काहीतरी येतंय.
तो आवाज मी करते. तसे सतरा केले.
एका रविवारी बाबांना ऐकवले, मोठे हेडफोन लावून,
ओट्याशेजारच्या स्टुलावर बसवून.
डोळे मिटलेले. प्रत्येकाला अकरा सेकंद.
"खोटे नाहीत गं," म्हणाले,
"पण कशाचेच नाहीत."
मला राग आला.
ते संत्री सोलत बसले, सालीचं एकच लांब वेटोळं.

ओळ बंद करायचं ठरलं तेव्हा कुणी आवाज चढवला नाही.
मुख्य कचेरीतून आलेल्या माणसानं पडद्यावर आलेख दाखवला,
निळी रेघ वर, करडी खाली.
त्या करड्या रेघेत तीनशे बारा माणसं
टोप्या हातात धरून उभी होती.
बॅटरी कानामागून आली नि तिखट झाली,
आणि बाबा तर
नुसते कानच.

शेवटच्या इंजिनावर सगळ्यांनी पांढऱ्या पेनानं सह्या केल्या.
बाबांनी नाही केली.
ते ऐकत राहिले, बावीस सेकंद,
मागची माणसं चुळबुळायला लागेपर्यंत.
मग खडू घेतला.
जाऊ द्या.

पुढचं मला त्यांनी सांगितलं नाही, आकामिनेनं सांगितलं.
आकामिने सव्वीस वर्षांचा, ओकिनावाचा,
पन्नाशीपुढच्यांना नवं काम शिकवणारा.
नारंगी केबलला हात लावण्याआधी रबरी हातमोजे तपासायचे असतात :
मनगटाकडून गुंडाळत आणायचे,
हवा बोटांत कोंडायची,
फुगलेला पंजा दाबून बघायचा.
सगळे बघत होते.
बाबांनी पंजा कानाशी नेला.
एक जोडी, दुसरी, तिसरी.
चौथीला थांबले.
"अंगठ्याला भोक आहे."

आकामिनेनं उजेडात धरून पाहिलं. काही नव्हतं.
ताणून पाहिलं. काही नव्हतं.
कुणीतरी खोकलं.
मग लादी पुसायच्या बादलीत बुडवला,
आणि बऱ्याच वेळानं
अंगठ्याच्या शिवेवरून
मोहरीएवढा एक बुडबुडा निघाला.

आकामिने कमरेपासून वाकला.
म्हणे बाबा इतके कानकोंडे झाले
की तेही वाकले, आणि बादलीवर त्यांचं कपाळ आपटलं.

त्या रात्री जेवताना म्हणाले,
आज वारा फार कोरडा आहे.
मी म्हटलं, बाबा, तो हातमोजा मला हवा होता,
हवा कशी सुटते ते रेकॉर्ड केलं असतं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा हसल्यासारखं.
"कापून टाकला.
सदोष हातमोजा कापायचाच असतो,
नाहीतर चुकून कुणीतरी घालतं."

कांब आता दारातल्या उभ्या मातीच्या भांड्यात असते,
छत्र्यांच्या घोळक्यात.
पावसाच्या दिवशी, घाईत,
बाबा कधीकधी तीच घेऊन बाहेर पडतात.
कोपऱ्यापर्यंत गेलेले असतात
आणि मी हाक मारत नाही.