याव ऊर

खानापूर स्टेशनात तो उतरला तेव्हा
हातात पत्र्याची पेटी, पायांत पलटणीतले बूट.
हमालानं विचारलं, याव ऊर री?
त्याला वाटलं, नाव विचारतायत.
म्हणाला, एत्तोरे.
हमाल म्हणाला, हे गाव कुठं आलं बा?
तेव्हापासून आमच्या गल्लीत तो यत्तूरकर.

त्याच्या आधीचं आजा सांगायचा,
खुणांनी जेवढं समजलं तेवढंच :
संगमरवराचा डोंगर, नवव्या वर्षी हातात छिन्नी,
बाप खाणीत. सोल तुटला
की आधी धोंडा खाली, मग माणूस.
पुढं शहर. श्रीमंतांच्या थडग्यांवर
रडणाऱ्या बाया करायच्या, एकेकीला चार महिने.
एक सेनापती केला, घोड्यासकट, काशाचा.
तो सरकारनंच नंतर वितळवला, तोफांसाठी.
त्याच तोफांमागं हा वाळवंटात.
मग तारेचं कुंपण, बंगळूर,
आणि आई गेल्याचं पत्र,
अकरा महिने शिळं.

कौलांच्या कारखान्यात साचे करायला माणूस हवा होता.
आजा मुकादम. त्यानं याचे हात बघितले,
बाकी काही विचारलं नाही.

मलप्रभेकाठची माती यत्तूरकरनं जिभेला लावून बघितली.
थुंकली. पुन्हा लावली.
वर्षभरानं आईचं डोकं घडवलं,
भरीव.
आजा म्हणाला, अरे काय करूलास?
पोकळ कर की. वाफेला वाट नको?
तो हसला. दगडाच्या माणसाला
आत काही नसण्याची सवय नव्हती.

रात्री दोनला भट्टीत आवाज झाला.
शेजारची दोनशे कौलं गेली.
पगारातून कापून घेतली.

दुसरं डोकं त्यानं तारेनं चिरलं,
या कानापासून त्या कानापर्यंत.
मी आठ वर्षांचा. अर्धी आई माझ्या मांडीवर.
आमटीच्या चमच्यानं तो आतली माती काढत होता,
लेकराला भरवावं तसं,
फक्त उलटं.
मी आत बोट घातलं.
आतून नाक म्हणजे खड्डा.
डोळ्यांच्या खाचा म्हणजे दोन टेंगळं.
आतून कुणाचीच आई ओळखू येत नाही.
तो बघत होता. रागावला नाही.
माझं बोट धरून तिथंच
दाबलं, जरा जोरात.
मग चिखलाचा लेप लावून दोन्ही अर्ध मिटवली.

एकदा मंडळानं गणपती सांगितला.
हा जंगलखात्याच्या हत्तीपाशी चार दिवस बसून आला.
सोंडेवर इतक्या सुरकुत्या
की पारव्वा म्हणाली, देव दमलाय गं,
याला लौकर पोचवा.
पुन्हा कुणी सांगितलं नाही.

मग तीस वर्षं कौलं.
प्रत्येकाच्या पाठीवर बोटाएवढं एक पान,
जे वाशाकडं तोंड करून असतं,
दिसत नाही कुणाला.
शाळा, दवाखाना, मामलेदार कचेरी :
त्याचं सगळ्यात मोठं प्रदर्शन
आमच्या डोक्यावर गळत होतं.

गेला तेव्हा फादरनं विचारलं,
दगडावर कुठल्या भाषेत लिहायचं?
तिथं जमलेल्या पाचजणांची तीन मतं झाली.
त्याच्या भाषेत लिहिता येणारा
खाली होता.
दगड अजून कोरा आहे.
पोरांनी त्यावर कोळशानं स्टंप काढलेत.

आईचं डोकं नंदगडला, बहिणीकडं,
फ्रिजवर.
कोण म्हणून विचारलं तर तिची सासू सांगते,
असंल कुणाची तरी.
मागच्या महिन्यात पुसायला उचललं
तर आत काहीतरी खडखडलं.
खडा सुटला असेल,
मानेखालच्या भोकातून निघत नाही.
बहीण म्हणाली, सळईनं काढू का?
मी म्हटलं,
राहू दे.